पुलाच्या वर फक्त माशी

माझं झाकण जरा बेताने उघडा, मित्रांनो. मी एक जुनी ॲल्युमिनियमची डबी आहे. बिजागरी कुरकुरते, आणि आत जी मंडळी बसली आहेत ती नुसत्या फुंकरीने उडतात. माझ्या पोटात माश्या राहतात. लगेच नाक मुरडू नका! गुळाच्या ढेपेवर बसते ती माशी नव्हे. कोंबड्याच्या मानेची पिसं, सशाच्या कानाची लव आणि रेशमाचा धागा एवढ्याशा गळावर गुंडाळून केलेल्या या खोट्या माश्या आहेत. ट्राउट नावाच्या मासळीला फसवण्यासाठी त्या असतात. ट्राउट ही मोठी संशयी जात. पाण्यावर उतरलेला किडा ती आधी निरखते, मग तोंड उघडायचं की नाही ते ठरवते. म्हणून माझ्यासारख्या डबीला किंमत आहे, हे मी आधीच सांगून टाकते. उगाच विनय मला जमत नाही.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, ठोकला, घासला आणि आत छोटी छोटी घरं केली. जहाजातून मी न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, साउथलँडात आले. मर्डो तेव्हा गावोगाव फिरून मेंढ्यांची लोकर कातरायचा. त्याने मला दुकानाच्या काचेतून पाहिलं, आणि कातरणीचा हंगाम संपताच आत येऊन उचललं. त्याच्या बोटांना लोकरीच्या तेलाचा वास होता. तो वास अजून माझ्या अंगाला आहे.

मर्डो माश्या स्वतः बांधायचा. वरच्या घरांत तरंगणाऱ्या, खालच्या ओळीत बुडणाऱ्या. मासेमारीचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याची बायको नायरी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून ठेवायची. शेजारी चहाचे कप घेऊन बघायला यायचे. “डबी असावी तर अशी,” म्हणायचे. मी ऐकायचे आणि मनातल्या मनात फुगायचे. कौतुक कुणाला नको असतं हो?

आमच्या नदीचा एक नियम आहे, तो नीट ऐका. गावाच्या मधोमध पूल आहे. पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, ट्राउट धरायची तर फक्त माशीवर. खालच्या अंगाला गांडूळ लावलं तरी चालतं. नियम एवढाच, पण गावाने त्याच्या दोन जाती करून टाकल्या. वरचे लोक खालच्यांकडे बघून हसायचे आणि खालचे वरच्यांकडे बघून. मर्डो वरचा, अगदी कट्टर वरचा; नदीवर जाताना टोपीतसुद्धा पिसं खोवून जायचा. त्याचा शेजारी विरेमू खालचा. विरेमूने सारी उमर खाटीकखान्यात काढली, आणि सुट्टीच्या दिवशी तो पुलाखाली बादली पालथी घालून तिच्यावर बसायचा, डब्यात गांडुळं घेऊन. मर्डो पुलावरून जाताना दोघांचं ठरलेलं भांडण व्हायचं.

“काय मर्डो, आज कुठली पिसं? नायरीच्या हॅटची उपटलीस वाटतं!”

“तू तुझ्या गांडुळाला विचार, त्याला तरी तुझी लाज वाटते का!”

मी अर्थातच मर्डोच्या बाजूने होते. पुलाच्या खाली मर्डोने कधी पाऊल टाकलं नाही, आणि त्याच्या खिशात असल्यामुळे मीही नाही.

मग या उन्हाळ्याच्या अखेरीला नायरीच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मर्डोचा मुक्काम इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात आणि माझा फडताळावर. झाकण नीट लागलेलं नव्हतं. मला कसर लागली, मित्रांनो. बारीक करड्या माश्यांची पिसं तिने कुरतडून टाकली. मी ओरडू शकत नाही. मला कुणी उघडून पाहिलंही नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत कुणी पाहावं असं मलाही वाटत नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. नायरी घरी आली. पण तिचं जेवणावरून मनच उडालं होतं. मर्डोची मुलगी रोना दुधाचा टँकर चालवते. रोज फेरी संपली की ती सूप घेऊन यायची आणि तसंच परत न्यायची.

“आई, दोन चमचे तरी घे गं.”

“रोना, तो चमचा परत पुढे केलास ना, तर तुझ्या अंगावर ओतीन.”

“मग तुला हवंय तरी काय?” मर्डोने दारातून विचारलं. त्याचा आवाज चढला होता. घाबरला की तो असाच खेकसतो.

नायरीने छताकडे बघितलं. मग म्हणाली, “ट्राउट. लोण्यात परतलेली, वर चिमूटभर मीठ. ती असती तर खाल्ली असती.”

आता गंमत बघा. आमच्या देशात ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे. खिशात पैसे कितीही असोत, दुकानात मिळणार नाही. एक तर स्वतः धरावी, नाहीतर दुसऱ्याने धरलेली त्याने आपणहून द्यावी. रोनाने फोन उचलला आणि सगळ्या गावाला विचारलं. कुणाच्या फ्रीजमध्ये शेपटीसुद्धा नव्हती. जानेवारीपासून धड पाऊस नाही, नदी सुकून बारीक झालेली, अख्खा हंगाम मंद. त्यात दुसऱ्या दिवशी एप्रिल संपत होता. म्हणजे हंगामाचा शेवटचा दिवस. आणि त्याच्या पुढच्या सकाळी नर्सबाई येणार होत्या. नायरीच्या पोटात काही गेलं नसेल तर तिला परत दाखल करायचं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

“मला परत तिकडे नेलंत तर मी घरी यायची नाही,” नायरी म्हणाली. “सांगून ठेवते.”

ती रुसून बोलत नव्हती. ती हिशेबाने बोलत होती, आणि ते मर्डोला, रोनाला आणि मलाही कळलं. मर्डोने मला फडताळावरून काढलं आणि जाकिटाच्या खिशात घातलं.

आमच्या दक्षिणेत एप्रिल संपतो तो थंडी घेऊनच, त्यामुळे सकाळी गवतावर हिमाचा थर होता. नदीचं पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. अशा पाण्यात ट्राउटला माणूसही दिसतो, दोराही दिसतो. पुलाच्या वर, पिवळ्या पडलेल्या विलोच्या झाडांखाली एक चांगली जाड ट्राउट उभी होती. अधूनमधून ती वर यायची, पाण्याला ओठ लावायची आणि परत खाली जायची. मर्डोने गुडघे टेकले, मला उघडलं आणि बारीकशी करडी माशी निवडली. अगदी बरोबर! मी मनात शाबासकी दिली.

माशी तिच्या नाकासमोर उतरली. ट्राउट वर आली. नाक माशीला लागतंय की काय असं वाटलं. मग ती वळली आणि खाली गेली.

इथे काय करायचं असतं, ते मी तुम्हाला सांगते. नदी मंद असली की घाई करायची नाही. रंग बदलायचा नाही. त्याच रंगाची, पण एक माप लहान माशी लावायची, आणि त्याआधी चांगला वेळ थांबायचं. हे मर्डोनेच गावातल्या पोरांना शिकवलेलं. पण त्या सकाळी त्याच्या डोक्यात नदी नव्हती, नायरीचं न खाल्लेलं ताट होतं. त्याने करडी काढून तपकिरी लावली. तपकिरी चालली नाही, तर बुडणारी लावली. मग चमकत्या मण्याची. मग तर कहर झाला, उन्हाळ्यात झाडांवर किर्र करतो त्या किड्याची नक्कल! एप्रिलच्या हिमात! ते धूड पाण्यावर पडलं तसे आजूबाजूचे सगळे मासे दडी मारून बसले.

अहो, मी काय काय म्हणून म्हटलं नसेल! लहान लाव रे बाबा, थांब जरा, आधी पाण्याकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस? पण डबीला तोंड नसतं, नुसतं झाकण असतं. मर्डोने मला तळहातावर धरलं आणि कुजबुजला, “यातली कुठली? बोल ना गं, यातली कुठली?” माझा जीव तुटत होता.

दुपारी फोन वाजला. रोना होती.

“बाबा, मिळाली?”

“बघतोय.”

“आईने पाणीसुद्धा ठेवलं नाही पोटात. तुम्ही परत या, आपण आजच नेऊ तिला.”

“बघतोय म्हटलं ना!” मर्डो ओरडला आणि फोन बंद केला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बराच वेळ तो हलला नाही. एका अर्थी ते बरंच झालं. कारण तो गप्प बसला तशी नदीही शांत झाली, आणि विलोखालची ती जाड बाई परत आपल्या जागी येऊन उभी राहिली.

मर्डोने मान वर केली. या वेळी तो आधी पाण्याकडे बघत राहिला. मग मला उघडून सर्वांत बारीक करड्या माश्यांचं घर शोधलं. कसरीने त्यांतल्या दोन पार संपवल्या होत्या. एकच धड उरली होती. तांदळाच्या कणीएवढी. ती त्याने बांधली आणि सोडली.

ट्राउट वर आली आणि तिने तोंड उघडलं. गळाची काठी वाकली! दोरा सरसर सुटला. मर्डो पाण्यात धावला, घसरला, सावरला. मासळी विलोच्या मुळांकडे निघाली, त्याने काठी उलट्या बाजूला झुकवली, ती वळली. मी खिशात डचमळत होते आणि ओरडत होते, आली, आली! आणि दोरा एकदम सैल पडला.

मर्डोने दोरा गुंडाळून टोक पाहिलं. सकाळपासून माश्या बदलून बदलून टोकाचा दोरा खरवडला गेला होता. एरवी दर दोन माश्यांनंतर नवा दोरा लावणारा हा माणूस! आज विसरला. माझी सर्वांत बारीक, एकुलती उरलेली करडी ट्राउटच्या ओठात अडकून कुठल्या कुठे गेली होती.

तो गोट्यांवर बसला आणि रडला. मोठ्याने नाही, पण मी छातीच्या खिशात होते, मला सगळं कळलं. सूर्य डोंगराकडे निघाला होता. माझ्यात अजून पुष्कळ माश्या होत्या. त्याने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि झाकण लावलं. पुन्हा उघडलं नाही. उठला आणि पुलाकडे चालू लागला.

मला वाटलं, घरी निघाला. पण पुलावर न चढता तो बाजूच्या पायवाटेने खाली उतरला. हंगामाचा शेवटचा दिवस, त्यामुळे गावातली माणसं पुलावर कठड्याला टेकून, थर्मासमधला चहा पीत नदी बघत उभी होती. सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी कुणाला कोपराने ढोसलं. पिसांची टोपी घातलेला मर्डो, पुलाखाली!

विरेमू बादलीवर बसला होता. शेजारच्या दुसऱ्या बादलीत दोन ईल, सापासारखे लांब मासे, वळवळत होते.

“रस्ता चुकलास काय रे?” तो म्हणाला.

मर्डोने काठी गोट्यांवर टेकवली. मग म्हणाला, “एक गांडूळ दे.”

अडला हरी, दुसरं काय! आता विरेमू काय बोलणार ते मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांची उधारी फेडायची संधी त्याच्या दारात चालत आली होती, आणि वरती ऐकायला अख्खं गाव हजर. मी पत्रा घट्ट करून वाट बघत राहिले.

विरेमूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “नायरीसाठी?”

“हो.”

“मग आधी का नाही आलास, गाढवा?” तो उठला. “डबा घे अख्खा. हसायचं ते मी उद्या हसतो. आता इकडे बघ. त्या खांबाच्या सावलीत एक आहे. दुपारपासून मला वाकुल्या दाखवतेय. माझा दोरा जाड, त्याला शिशाचं वजन. पाण्यात पडलं की ही पळते. तुझा दोरा लाव.”

मर्डोला गांडूळ लावता येईना! कणीएवढ्या गळावर रेशीम गुंडाळणारी बोटं त्या ओल्या जिवापुढे हरली. ते दोनदा निसटून चिखलात पडलं. शेवटी विरेमूने ते त्याच्या हातातून घेऊन लावून दिलं. शिसं लावायचंच नाही असं ठरलं. मर्डोने हात मागे नेला आणि माशी सोडतो तितक्याच हळुवारपणे गांडूळ सावलीच्या वर सोडलं. प्रवाहात ते लोळत खाली आलं. दोरा थांबला.

मर्डोने काठी फटकन वर केली. रिकामा गळ हवेत आला.

“अरे, काय केलंस हे!” विरेमू कपाळावर हात मारून म्हणाला. “ही तुझी माशी नाही, लगेच ओढायला. माशी खोटी असते, मासा थुंकतो. हे खरं आहे, त्याला गिळू दे की!”

“चाळीस वर्षांची सवय आहे.”

“सवय घाल चुलीत.”

डोंगरामागे सूर्य अर्धा गेला होता. ट्राउट सावलीत परत आली होती, पण आता ती किती वेळ थांबेल ते कुणी सांगावं? दुसरं गांडूळ गेलं. ते लोळत लोळत सावलीत शिरलं. दोरा थांबला. मर्डोच्या मनगटाची शीर ताठ झाली, हात वर जायला निघाला, तेवढ्यात विरेमूने ते मनगट आपल्या रुंद पंज्यात धरलं.

“थांब.”

दोरा किंचित सरकला.

“थांब म्हटलं ना.”

दोरा थांबला. पुन्हा सरकला. मर्डोचा श्वास माझ्या पत्र्यावर आदळत होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी त्या गांडुळासाठी देवाचा धावा करत होते.

“आता!”

काठी कमानीसारखी वाकली. या वेळी दोरा नवा होता, तेवढं मर्डोने केलं होतं. ट्राउट खांबाकडे धावली, परत फिरली, पाण्याबाहेर उसळली. विरेमू गमबुटांसकट नदीत घुसला, बूट पाण्याने भरले, तो शिव्या देत राहिला, आणि ईलची बादली रिकामी करून त्याने ती मासळीच्या खाली घातली. दोन ईल सुटले ते गेलेच. ट्राउट बादलीत धडपडत होती. पुलावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मर्डोने विरेमूच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी रोनाने लोणी तापवलं. मर्डो ओल्या जाकिटानेच ताट घेऊन नायरीच्या खोलीत गेला, म्हणून मीही होते. नायरीने वास घेतला. ताटाकडे पाहिलं, मग मर्डोकडे.

“कुठल्या माशीवर?”

माझ्यातल्या कुठल्याही माशीचं नाव त्याने घेतलं असतं तरी चाललं असतं. तिला काय कळणार होतं?

“गांडुळावर,” मर्डो म्हणाला. “पुलाखाली.”

नायरीने उचललेला काटा खाली ठेवला. रोनाने घाईने ताट धरलं.

“तू? पुलाखाली?”

“विरेमूकडे मागितलं.”

“कुणी बघितलं का?”

“सगळ्या गावाने.”

नायरी हसली. आधी नुसते खांदे हलले, मग पोटावरचे टाके दाबून धरत ती हसत सुटली. “अगं आई गं, दुखतंय... टोपी घालून गेला होतास?”

“टोपी घालून.”

“पिसांची?”

“पिसांची.”

हसता हसता तिने काटा उचलला, मासळीचा एक तुकडा तोडला आणि तोंडात घातला. तिने चावला. गिळला. पाणी प्यायली. आम्ही वाट बघत राहिलो. मग तिने दुसरा तोडला. रोना पाठ फिरवून खिडकीकडे गेली आणि तिथेच उभी राहिली.

मला वाईट वाटलं का? वाटलं तर! इतक्या वर्षांची माझी शान, आणि ऐन वेळी काम केलं ते चिखलातल्या एका गांडुळाने. माझ्या झाकणाला त्याचा वास दोन दिवस येत होता. पण सकाळी नर्सबाई आल्या, त्यांनी ताट पाहिलं, नायरीची नाडी पाहिली आणि चहा घेऊन निघून गेल्या. नायरी घरातच राहिली. ते बघून मी माझी तक्रार गिळली.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर तिला कोरडी ठेवा. झाकण नीट लावा, कसरीला वाव देऊ नका. नदी मंद असली तर एक माप लहान माशी लावा, आणि दोरा तपासा. एवढं माझ्यासाठी करा. पण घरात कुणी उपाशी झोपलेलं असेल, तर माझ्या पिसांच्या नादाला लागू नका. मला खुशाल बंद करा आणि पुलाखाली जा. मी रुसेन. रुसू दे मला.